शंभर वॅटची ओवी

१९५६ सालचा मार्च-एप्रिल. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालेलं, म्हणजे वय जेमतेम अडीच वर्षं. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर या केंद्रावरून दोन मालिका एकाच वेळी चालू होत्या. एक सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. ग. दि. माडगूळकरांचं आणि सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ला रामनवमीच्या दिवशी सुरू झालं होतं आणि १९ एप्रिल १९५६ला, छप्पन्न गीतांनंतर, संपणार होतं. गाण्याची वेळ झाली की रस्ते ओस पडायचे, रेडिओला हार घातले जायचे, या आठवणी आपण आजी-आजोबांकडून ऐकलेल्या असतात.

दुसरी मालिका मात्र आज बहुतेकांच्या गावीही नाही. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, आठवड्यातून दोन संध्याकाळी, पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. ते ऐकायला मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत खास मंडळं स्थापन केलेली होती. संध्याकाळी गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती जमायची. शेती, आरोग्य, पंचायत असा काही विषय असायचा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून माणसं बोलायला लागायची. काय पटलं, काय पटलं नाही, आपल्या गावात हे जमेल का, याची टिपणं केंद्राकडे जायची आणि पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तरं मिळायची.

हा युनेस्कोचा प्रयोग होता. कल्पना कॅनडातली. तिथं १९४१पासून शेतकऱ्यांचे असे रेडिओ-गट चालत होते. पुण्यातल्या प्रयोगाची मोजणी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीनं केली. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं अशी त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडलेला नव्हता.

मला हा निष्कर्ष थरारून टाकतो. एकच आवाज, एकच केंद्र, तेच अर्ध्या तासाचे शब्द. पण ऐकल्यावर बोलायची सोय असली तर ते शब्द मुरतात आणि नसली तर वाहून जातात. हे पुण्याच्या आसपासच्या गावांनी जगाला दाखवून दिलं. १९५९पासून भारतभर अशी मंडळं निघाली आणि पुढं घानानंही हा प्रयोग करून पाहिला. ज्याला आज आपण सामुदायिक रेडिओ म्हणतो, त्याचं मूळ शोधायला निघालं की एक वाट नक्की पुण्यात येते.

आता इथून जात्याकडे जायचं आहे, कारण ऐकून लगेच बोलण्याची ही रीत आपल्याकडे रेडिओच्या कितीतरी आधीपासून होती. पहाटेच्या अंधारात, दोन दगडांच्या घरघरीवर, एक बाई ओवी टाकायची आणि समोर बसलेली दुसरी ती उचलायची.

जातं नीट बघितलं आहे का कधी? खालची तळी जमिनीत घट्ट, मधे खीळ. त्यावर वरची तळी, तिच्या मधोमध तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. उजव्या हातानं खुंटा ओढायचा, डाव्या हातानं तोंडात वैरण घालायची. वैरण म्हणजे मूठभर धान्य. जास्त घातली तर भरड निघते, कमी घातली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. दगड झिजून गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. दोघी दळायला बसल्या तर समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात.

वरच्या तळीचं वजन हे या गाण्याचं गुपित आहे. जड दगड एकदा फिरायला लागला की त्याला मधेच थांबायचं नसतं आणि एकदम पळायचंही नसतं. भौतिकशास्त्रात त्याला जडत्व म्हणतात. बाई प्रत्येक फेऱ्यात एकदा जोर लावते, बाकीचा फेरा दगड स्वतःच्या जडत्वावर पुरा करतो. त्यामुळं तिला आपोआप ठेका मिळतो आणि तो तासभरही हलत नाही. जोर लावताना श्वास रोखला जातो, सैल सोडताना सुटतो. म्हणून ओवीचा चरण एका श्वासाइतका असतो. जिथं शब्द कमी पडतात तिथं ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ अशी भर येते. कागदावर दोन ओळींत मावणारी ओवी गाताना चांगली लांबते: पहिला चरण दोनदा येतो, मधेच तुटतो, पुन्हा मागून धरला जातो. बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. एका गळ्यावर शेकडो ओव्या बसतात आणि एकच ओवी वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या गळ्यावर भेटते.

पाठ करायला ही केवढी सोपी रचना आहे! लांबलचक कथागीत असेल तर मधलं कडवं विसरलं की गाडी अडते. ओवीचं तसं नाही. प्रत्येक ओवी आपल्यापुरती पुरी. एक विसरली तर दुसरी येते, तीही नाही आली तर समोरची टाकते, आणि कुणालाच काही सुचलं नाही तर त्याच साच्यात आत्ताचं दुःख ओतायचं. काल लेकीला सासरी धाडलं, आज तिची ओवी झाली. हजार वर्षं टिकायला असाच साचा लागतो.

हजार हा शब्द हवेत फेकलेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ज्ञानदेवांनी ओवी ग्रंथात आणली, त्याच्या दीडशे वर्षं आधीच ती मुसळाच्या ठोक्यावर गायली जात होती आणि तिची कीर्ती राजदरबारापर्यंत पोचली होती. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात संत जनाबाईचं जातं आजही दाखवतात. तिच्याबरोबर दळू लागायला विठ्ठल आला, असं वारकरी मानतात. दळताना गाणं ही देवालाही मोह पडावा अशी गोष्ट आहे, हे या कथेत सहज येऊन जातं.

मग पिठाच्या गिरण्या आल्या. बाईच्या हातावरचे फोड गेले, पहाटेची दोन तासांची मजुरी वाचली. गिरणीला नावं ठेवणाऱ्यानं आधी पायलीभर ज्वारी हातानं दळून बघावी. पण दळणाबरोबर गाण्याची जागाही गेली. ओवी कुठल्या मंचावर, कुठल्या गुरूकडे राहत नव्हती. ती त्या कामात राहत होती.

इथं पुण्यातली दोन माणसं येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन. पॉइटविन फ्रान्समध्ये जन्मले आणि पुण्याचे झाले. दोघं पतीपत्नी. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या डोंगरी तालुक्यांत गरीब डोंगरी संघटनेबरोबर त्यांचं काम चालायचं. बायकांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की सभेत गप्प बसणारी बाई ओवीत सगळं सांगते. सासूबद्दल, दारू पिणाऱ्या नवऱ्याबद्दल, बापानं न विचारता दिलेल्या स्थळाबद्दल. बोलताना जे जिभेवर येत नाही, ते गाताना येतं. मग ओव्या जमवायला सुरुवात झाली. जमवणाऱ्यांत त्या गावांतल्या, संघटनेतल्या बायकाच होत्या. ओवी सांगणारी आणि ओवी उतरवून घेणारी या दोघी एकाच डोंगरातल्या, हे या कामाचं वेगळेपण मला फार मोलाचं वाटतं.

काम मावळातून मराठवाड्यापर्यंत पसरलं. एक हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या. एक लाख! ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. हा एवढा मोठा ग्रंथ तीन हजार जणींनी मिळून, बहुतेकींनी अक्षर न शिकता, रचलेला आणि राखलेला आहे. नुसते शब्द पुरणार नाहीत हे उघड होतं. संगीत आणि संगणक या दोन्हींत मुरलेले फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल १९९६च्या सुमारास या कामात आले आणि गावोगाव ध्वनिमुद्रण झालं, सुमारे १२० तासांचं. त्यातलाच एक आवाज परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा. त्यांचं गाणं ऐकताना माणूस हातातलं काम खाली ठेवतो.

पॉइटविन २००४मध्ये गेले, हेमाताई २०१०मध्ये. ओव्यांचा तो साठा पुढं पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’नं हाती घेतला आणि २०१७पासून ओव्या आवाजासह, भाषांतरांसह, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव देऊन इंटरनेटवर येऊ लागल्या. मूळ काम करणाऱ्यांपैकी काही जण त्यातही आहेत. या ओव्यांची वर्गवारी केलेली आहे आणि ती नुसती वाचली तरी मन भरून येतं: सीता, पंढरी, तुळस, भाऊ, लेक, सासर, पाऊस, बाबासाहेब. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. शेकडो वर्षं जुन्या साच्यात विसाव्या शतकातला माणूस किती सहज येऊन बसला!

आणि सीता. पुण्याच्या रेडिओवरून गीतरामायण ऐकताना ज्या बायका डोळे पुसत होत्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या तोंडी दुसरंही एक रामायण होतं. त्या रामायणात युद्ध जवळजवळ नाही. सीतेचा सासुरवास आहे, कैकेयी छळणारी सासू आहे, वनवासात गरोदर सीता एकटी रडते आहे आणि बोरी-बाभळी बायका होऊन तिची समजूत काढत आहेत. गीतरामायण मध्यम लहरींवरून महाराष्ट्रभर गेलं. बायकांचं रामायण माजघराबाहेर फारसं पडलं नाही. मोठ्या रेडिओनं लोकगीतांना दार बंद ठेवलं होतं असं मात्र नाही. आकाशवाणीवर लोकसंगीताचे कार्यक्रम होते, व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत होता. दूरदर्शनवर सरोजिनी बाबर आणि शांता शेळके ‘रानजाई’त लोकगीतांवर बोलायला बसल्या की ते ऐकत राहावंसं वाटायचं. पण केंद्रावर गायचं तर आवाजाची चाचणी, वेळ ठरलेली, वादक ठरलेले. शाहीर, गोंधळी, भारूड करणारे तिथं पोचले. दळणारी बाई जातं घेऊन स्टुडिओत कशी जाणार?

तिच्यासाठी रेडिओच तिच्या दाराशी यायला हवा होता. तो यायला कारण झालं चक्क क्रिकेट. १९९३च्या हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ला निकाल लागला: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर एकट्या सरकारचा हक्क नाही. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, जे निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. निकाल कागदावरून हवेत यायला वेळ लागला. २००२मध्ये शिक्षणसंस्थांना छोटी केंद्रं काढायची परवानगी मिळाली, २००६च्या नोव्हेंबरात स्वयंसेवी संस्थांना. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातून २००५मध्ये ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागली आणि २००७मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमधून ‘रेडिओ एफटीआयआय’ ९०.४वर.

या केंद्रांना मिळते ती ताकद किती? शंभर वॅट. पूर्वी आपल्या माजघरात पिवळा दिवा जळायचा, तेवढीच. त्या दिव्याच्या उजेडात पलीकडच्या कोपऱ्यातलं मूल धड अभ्यास करू शकत नसे, आणि इथं तेवढ्याच ताकदीवर आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. ढोबळ हिशेब करून बघू या. शंभर वॅट चहूबाजूंना सारखे पसरले तर दहा किलोमीटरवर एका चौरस मीटरच्या वाट्याला एका वॅटचा सव्वा कोटीवा भाग येतो. तुमच्या रेडिओची काडी त्यातलाही एक तुकडाच पकडते. त्या न मोजण्याइतक्या तुकड्यातून माणसाचा आवाज, त्यातला कंप, श्वास घेतल्याचं कळणं, सगळं परत उभं राहतं!

ते कसं? ९०.४ मेगाहर्ट्झ म्हणजे ती लहर सेकंदाला नऊ कोटी चार लाख वेळा कंप पावते. एफएममध्ये गाणाऱ्या बाईचा आवाज या आकड्याला थोडा वर-खाली हलवतो. तिच्या सुराची कंपनसंख्या तीनशे असेल तर लहरीची कंपनसंख्या सेकंदाला तीनशे वेळा वर-खाली होते. आवाज मोठा झाला की या वर-खालीचा पल्ला वाढतो, जास्तीत जास्त पंचाहत्तर हजारांपर्यंत. रेडिओ लहरीची उंची बघतच नाही, फक्त हे हलणं मोजतो. आभाळात वीज चमकल्यानं किंवा शेजारच्या मोटारीनं लहरीची उंची बिघडते, हलणं सहसा बिघडत नाही. म्हणून एफएमवर खरखर कमी.

याचा लोकवाद्यांना केवढा फायदा झाला, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. मध्यम लहरींच्या साध्या रेडिओवर चार-पाच हजार कंपनांच्या वरचं फारसं काही पोचत नसे. एफएम पंधरा हजारांपर्यंत जातं. माणसाचा आवाज दोन्हींवर कळतो, पण झांजेची झळाळी, तुणतुण्याच्या तारेची झिणझिण, संबळाच्या थापेचा तो पहिला करकरीत क्षण हे सगळं वरच्या पट्ट्यात राहतं. गोंधळ्याचा संबळ जुन्या रेडिओवर ऐकणं आणि एफएमवर ऐकणं यात फार अंतर आहे.

आता या लहरींची मर्यादा. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. ती जमिनीला धरून वळत जाते, टेकड्या ओलांडते. ९०.४ची लहर सुमारे ३.३ मीटरची. ती सरळ जाते आणि डोंगर आला की अडते. छोट्या केंद्राचा मनोरा नियमानं तीस मीटरपेक्षा उंच नसावा आणि तीस मीटरवरून डोळ्याला दिसणारं क्षितिज असतं साधारण वीस किलोमीटरवर. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर का उभा केला, ते यावरून कळावं. म्हणूनच ९०.४ हाच आकडा पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटला, बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ला आणि सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ला देता येतो. तिघांचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. पृथ्वीची गोलाई आणि मधले डोंगर त्यांना वेगळे ठेवतात. जिथं दोन लहरी चुकून भेटतातच, तिथं एफएमचा रेडिओ जोरकस लहर धरतो आणि दुबळी सोडून देतो.

पंधरा किलोमीटर म्हणजे काय, तर ओवीचंच अंतर आहे. एका गळ्याचा मुलूख, लेकी दिल्या-घेतल्या जातात तेवढा टापू, बाजाराचं गाव. मोठ्या केंद्राला सगळ्यांना कळेल असं बोलावं लागतं, त्यात बोलीचे कोपरे घासले जातात. छोट्या केंद्रावर माणदेशी बाई माणदेशीच बोलते आणि ऐकणारी हसून म्हणते, ही आपलीच की. म्हसवडला चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशननं २००८मध्ये केंद्र काढलं. शाळेत न गेलेली, ओव्या गाणारी एक बाई तिथं निवेदिका झाली. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात ‘येरळावाणी’ आहे. या केंद्रांना किमान निम्मे कार्यक्रम स्वतः, स्थानिक पातळीवर तयार करावे लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. जाहिरातीला वेळेची मर्यादा आहे, त्यामुळं पैशाची कायम ओढ. अशा केंद्राला सिनेमाची गाणी वाजवायची तर परवाने आणि रॉयल्टी. परंपरेनं आलेल्या ओवीच्या शब्दांवर आणि चालीवर मात्र कुणाची मालकी नाही. केंद्रानं स्वतः गावात जाऊन, गाणारीला विचारून मुद्रण केलं की ते मुद्रण केंद्राचं. गाणारीचा हक्क मात्र कायद्यानंच पन्नास वर्षं तिचा असतो, आणि कायदा नसता तरी तिचं नाव प्रत्येक वेळी घेतलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ‘पारंपरिक’ एवढंच म्हणून गाणारीला पुसून टाकायची सवय आपण मोडायला हवी.

पुण्यात तर हे काम अगदी हाताशी आहे. मुळशी-मावळातून, १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि नगरकडून, पुढं कामाधंद्यासाठी चहूकडून माणसं या शहरात आली. त्यांच्या आया, आज्या, सासवा त्यांच्याबरोबर आल्या. कोथरूड, वारजे, हडपसर, पिंपरीच्या चाळींत आणि सोसायट्यांत, वस्त्यांत या बायका आज टीव्हीसमोर बसलेल्या असतात. त्यांतल्या कितीतरी जणींना ओव्या येतात आणि घरात कुणी विचारलेलं नाही. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा तर गाणारा सगळा मुलूख शहरात उतरतो. विद्यावाणी आणि रेडिओ एफटीआयआयच्या वर्तुळातच हे सगळं घडतं. विद्यापीठात मराठी शिकणारी, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकणारी मुलं त्याच शहरात आहेत. रोज सकाळी पाच मिनिटं एक बाई, तिचं नाव, तिचं गाव आणि तिच्या तीन ओव्या एवढा कार्यक्रम चालवायला फार काही लागणार नाही. १९५६च्या मंडळांनी शिकवलेली गोष्टही त्यात आणावी: ओवी ऐकून ज्या बाईला आपली आठवेल तिनं फोन करावा आणि दुसऱ्या दिवशी तिची ओवी लागावी.

तोवर वाचकांनी एक करावं. तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या मावशींपैकी कुणाला ओव्या येत असतील तर त्यांना विचारा. फोनवर मुद्रण पुरतं. फक्त पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा आणि खिडकी लावून घ्या. सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, माहेर, सासर, वय आणि आजची तारीख बोलून घ्या. ओवी कुणाकडून आली ते विचारा: आईकडून, नणंदेकडून की शेतातल्या जोडीदारणीकडून. हात फिरल्याशिवाय आठवत नाही असं त्या म्हणाल्या तर खरंच आठवत नसतं. जातं असेल तर पुढ्यात ठेवा, नसेल तर नुसता रिकामा हात फिरवू द्या. मधे तोडू नका, चुकलं म्हणून थांबवू नका. मुद्रण कुणाला द्यायचं, रेडिओवर लावायचं का, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. ज्यांनी रोज जात्यावर दळलं, अशा शेवटच्या पिढीतल्या बायका आज सत्तरीच्या पुढं आहेत.